सत्तावीस नंबरच्या मशीनवरचे पावणेसहा

कॉलेजात मला 'दोन सिस्टिमवाले काकडे' म्हणायचे. हुद्दा लॅब असिस्टंटचा. प्राध्यापक शिकवणार, पोरं शिकणार आणि मशीन बंद पडलं की दोघं मिळून माझ्याकडे बघणार, असं ते काम. मूळचा मी सिल्लोडकडचा. वायरमनचा कोर्स करून शहरात आलो आणि कॉम्प्युटरच्या खोलीत पंखे बसवायला म्हणून जो आत शिरलो तो रिटायर होऊनच बाहेर पडलो. शिकलो ते सगळं हात घालून, बिघडवून आणि पुन्हा दुरुस्त करून. त्यामुळं मला बऱ्याच गोष्टी करता येत होत्या, पण त्या तशा का होतात हे विचारलं की तोंड बंद.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. कॉम्प्युटर सुरू झाला की त्याला चालवणारा एक मूळ प्रोग्रॅम लागतो. बहुतेक ठिकाणी ते विंडोज असतं. आमच्या अभ्यासक्रमात मधेच लिनक्सही आलं. नवी मशीन घेण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून आहे त्याच चाळीस मशीनवर दोन्ही बसवायचं ठरलं. त्यासाठी हार्ड डिस्कचे भाग पाडायचे. एका भागात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स, मधे बांध. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन नावं येतात, बाणाच्या कळीनं हवं ते निवडायचं आणि एंटर. दहा सेकंदांत काही निवडलं नाही तर जे पहिलं असेल ते आपोआप सुरू होतं. एका वेळी एकच चालतं, दुसऱ्याला ते काय करतंय याचा पत्ता नसतो.

ऐकायला सोपं आहे. पण पहिल्या महिन्यात मी रडकुंडीला आलो होतो. विंडोज पुन्हा टाकलं की ते निवडीचा पडदाच पुसून टाकायचं आणि लिनक्स डिस्कवर असूनही गायब व्हायचं. एका प्राध्यापकांनी मला विचारलं होतं, "काकडे, दोन सिस्टिम आहेत तर माउस एकच कसा दिला?" मी हसलो नाही, कारण आठवड्यापूर्वी मलाही नीट माहीत नव्हतं. आणखी एक बाई होत्या, त्या काळा पडदा आला की सरळ मेन स्विच बंद करायच्या. त्यांना वाटायचं, मशीन जळतंय.

हे सगळं चाललं ती दुष्काळाची वर्षं. पत्त्यावर तेव्हा आम्ही औरंगाबाद लिहायचो. कॉलेज शहराबाहेर होतं. मी लागलो तेव्हा खिडकीतून कापूस दिसायचा. पुढं त्या वावरांचे प्लॉट पडले, मुरमाचे रस्ते आले, चार-चार मजल्यांचे सांगाडे उभे राहिले. पाऊस मात्र लागोपाठ दगा देत गेला. कॉलेजचे दोन्ही बोर कोरडे पडले आणि रोज एक टँकर यायला लागला. टँकरवाल्याच्या दिवसभर फेऱ्या असायच्या, म्हणून तो आमच्याकडे सकाळी साडेपाचला यायचा. माझी खोली कॉलेजपासून जवळ. प्राचार्य मॅडमनी टँकर उतरवून घ्यायचं काम माझ्यावर टाकलं. त्यामुळं लॅबच्या किल्ल्यांबरोबर मागच्या फाटकाची किल्लीही माझ्या कमरेला आली.

मागच्या फाटकापलीकडे पत्र्याची अकरा घरं होती. त्या सांगाड्यांवर काम करणारी माणसं तिथं राहायची. पहिल्या आठवड्यात एक बाई घागर घेऊन फाटकाशी उभी राहिली. टाकी भरून झाल्यावर पाइपात थोडं पाणी राहिलं होतं. मी म्हटलं, "घ्या." दुसऱ्या दिवशी दोघीजणी आल्या. आठवड्यात अकराही घरांचं ठरून गेलं, घरटी दोन घागरी. मॅडमनी नोटीस लावली होती की टँकरचं पाणी आवाराबाहेर जाता कामा नये, वसतिगृहालाच पुरत नाही. ती नोटीस मीच फळ्यावर चिकटवली होती.

त्या घागर घेऊन येणाऱ्यांत एक वनिता होती. आमच्याच कॉलेजातली, शेवटच्या वर्षाची. अजिंठ्याकडच्या एका गावची. घरची मेंढरं होती. त्या साली चारा नाही म्हणून आई-बाप, भाऊ कळप घेऊन गोदावरीच्या अंगाला गेलेले. ही मावशीकडे राहायची, त्या पत्र्याच्या घरात. शाळा मराठीतून झालेली. वर्गात मागं बसायची. पण लॅब रिकामी असली की येऊन विचारायची, "सर, बसू का?" आणि तास-दीड तास एकटीच काहीतरी करत बसायची. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही, पण कोण खेळतंय आणि कोण काम करतंय, एवढं मागं उभं राहून कळतं.

प्रॅक्टिकलची विद्यापीठाची परीक्षा आली. पाण्यामुळं ती पंधरा दिवस अलीकडे ओढली होती. आदल्या दिवशी काही पोरांनी तक्रार केली की सातव्या ओळीतल्या मशीनवर लिनक्स अडखळतंय. मला दिवसभर वेळ मिळाला नाही. म्हणून परीक्षेच्या दिवशी पहाटे टँकरच्या आधीच जाऊन लॅब उघडली. सातव्या ओळीतली चार मशीन, पंचवीस ते अठ्ठावीस, लिनक्समध्ये सुरू केली. चालत होती. पण चारही मशीनवर एक गोष्ट विचित्र दिसली. बाहेर नीट उजाडलंही नव्हतं आणि पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ अकरा दाखवत होतं. मला वाटलं, आतले सेल उतरले असतील. परीक्षेच्या दिवशी घड्याळ चुकीचं नको, म्हणून मनगटावरचं घड्याळ बघून चारही मशीनवर वेळ बरोबर लावली आणि ती बंद केली. एवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. मी लॅबला कुलूप न लावता तसाच धावलो. वीसेक मिनिटं टाकीपाशी होतो. घागरीवाल्या आल्या, गेल्या. मग येऊन कुलूप लावलं.

परीक्षा साडेदहाला सुरू झाली. बाहेरगावचे परीक्षक आले होते. पन्नाशीचे, शांत, चष्मा कपाळावर ठेवायची सवय. चिठ्ठ्या उचलून प्रश्न मिळायचे, कुणाला लिनक्सवरचा, कुणाला विंडोजवरचा. वनिताला सत्तावीस नंबरचं मशीन मिळालं आणि प्रश्न विंडोजवरचा. त्या ओळीत बाकी सगळ्यांना लिनक्सचे होते.

बाराच्या सुमारास परीक्षक तपासत तपासत तिच्यापाशी आले. तिनं प्रोग्रॅम चालवून दाखवला. पहिल्या फटक्यात चालला. त्यांनी दोन प्रश्न विचारले, इंग्रजीतून. ती अडखळली. त्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं आणि माउस आपल्या हातात घेऊन त्या फाइलची माहिती उघडली.

"ही फाइल कधी बनवली?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच, सर."

"इथं सकाळचे पावणेसहा दिसतायत. आजचीच तारीख, पावणेसहा."

ती पडद्याकडे बघत राहिली. मीही बघितलं. पावणेसहाच होते.

"म्हणजे तू हे आधी करून आणलंस," परीक्षक म्हणाले. आवाज चढवला नव्हता त्यांनी. "घरी कॉम्प्युटर आहे?"

"नाय, सर."

"मग सकाळी पावणेसहाला कुठं होतीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. हे मला आजही लख्ख आठवतं. एवढी चाळीस पोरं आमच्याकडे बघत होती आणि ती एकटी कीबोर्डकडे बघत होती. पावणेसहाला ती कुठं होती हे मला माहीत होतं. माझ्यापासून दहा पावलांवर, पाइपाखाली घागर धरून.

मॅडमना बोलावणं गेलं. त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात घेतलं.

"काकडे, लॅब सकाळी किती वाजता उघडली?"

"रोजच्यासारखी, मॅडम. साडेनऊला."

"त्याआधी नाही?"

"नाही."

हे मी बोललो. का बोललो, याचं उत्तर तेव्हा माझ्यापाशी तयार होतं. पहाटे लॅब उघडली म्हटलं की उघडी टाकून कुठं गेलात, हे येणार. मग फाटक, मग घागरी, मग ती नोटीस. पण खरं सांगायचं तर एवढा विचार मी केलाच नव्हता. 'नाही' आधी निघालं आणि विचार मागून आला.

परीक्षकांनी तिचा पेपर बाजूला ठेवला आणि गैरप्रकाराचा अहवाल लिहायला घेतला. मॅडमनी त्यांना विनंती करून तो दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवला, कारण परीक्षा दोन दिवसांची होती. असा अहवाल गेला की मुलीचं वर्ष जातं, कधी दोन वर्षं. वनिता पायऱ्यांवर बसून होती. कुणी तिच्याजवळ बसलं नाही.

दुपारी चारला लॅब रिकामी झाल्यावर मी सत्तावीस नंबरसमोर जाऊन बसलो. माझं डोकं चालत नव्हतं. एक मन म्हणायचं, ही पोर असं करणार नाही. दुसरं म्हणायचं, लॅब वीस मिनिटं उघडी होती, आणि तू तिला घागर भरून जाताना पाहिलंस का? मी आठवून आठवून बघितलं. ती आलेली आठवत होती. गेलेली आठवत नव्हती. दोन घागरी भरायला किती वेळ लागतो? माझीच मला लाज वाटत होती आणि तरी प्रश्न जात नव्हता.

मशीन विंडोजमध्ये सुरू केलं. भिंतीवर चार वाजले होते, मशीनमध्ये सकाळचे साडेदहा. म्हणजे घड्याळच चुकीचं! मला हायसं वाटलं, पण ते दोन मिनिटंच. सेल उतरला तर घड्याळ पार जुन्या सालावर जातं, असं अर्धवट मागं पडत नाही. आणि सकाळी तर मी स्वतः वेळ लावली होती. मी लावलेली वेळ कुणी हलवली? विंडोजमध्ये पुन्हा चार वाजवले. खात्रीसाठी लिनक्समध्ये गेलो. तिथं रात्रीचे साडेनऊ! तिथं दुरुस्त केलं, विंडोजमध्ये आलो, तर सकाळचे पावणेअकरा वाजायला आले होते. या बाजूनं नीट केलं की त्या बाजूनं बिघडायचं. असं चार-पाच वेळा केलं. वाटलं, आपण हे दोन संसार एका डिस्कवर मांडले, त्यातच काहीतरी मूळ चूक झालीय आणि आता चाळीसच्या चाळीस मशीन अशी निघणार.

शेवटी एक कागद घेतला आणि आकडे लिहायला लागलो. खरी वेळ, इकडची वेळ, तिकडची वेळ. वजाबाकी केली. प्रत्येक वेळी फरक एकच यायचा. साडेपाच तास. कधी पुढं, कधी मागं, पण साडेपाच तासच. पाच नाही, सहा नाही. साडेपाचच का, हे काही केल्या उमगेना.

तेवढ्यात हमीदचाचा कुलूप लावायला आले. ते आमचे वॉचमन, फौजेतून रिटायर झालेले, छावणीत राहणारे. सिग्नलमध्ये, म्हणजे फौजेच्या बिनतारी खात्यात, त्यांची नोकरी गेली होती आणि मधली दोन वर्षं ते शांतिसेनेबरोबर परदेशातही होते.

"काकडे साब, चलो अब. कितना बैठते?"

"चाचा, ये देखो ना. कुछ समझ नै रहा. हर बार साडेपाच घंटे का फरक."

ते कागदावर वाकले. "बराबर साडेपाच?"

"हौ. एक मिनट इधर नै, एक मिनट उधर नै."

"अरे, तो ये खराबी कायकू होगी?" चाचा म्हणाले. "ये तो विलायत का टैम है. हमारे वायरलेस पे सब इसीच टैम में चलता था. दुनिया में कहीं भी रहो, पर्चे पे विलायत का टैम लिखो, फिर अपना अपना जोड़ लो. हिंदुस्तान का साडेपाच जोड़ना. मैं दो साल ये जोड़-घटाव करा हूँ."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. ते किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभे होते, त्यांना काही विशेष सांगितल्यासारखं वाटत नव्हतं.

हळूहळू उलगडलं. मशीनच्या आत घड्याळ एकच असतं. विंडोज समजतं, ते घड्याळ आपल्या गावच्या वेळेवर आहे. लिनक्स समजतं, ते विलायतच्या वेळेवर आहे, म्हणून साडेपाच तास मिळवून दाखवतं. त्यामुळंच पहाटे मला लिनक्समध्ये अकरा दिसले. आणि मी जेव्हा ते 'बरोबर' केलं, तेव्हा लिनक्सनं बंद होताना आतलं घड्याळ विलायतला नेऊन ठेवलं. मग साडेदहाला वनितानं त्याच मशीनवर विंडोज उघडलं, तेव्हा तिथं पाच वाजले होते. सव्वाअकराला तिनं फाइल साठवली. साडेपाच वजा करा. पावणेसहा.

पोरीनं काही केलं नव्हतं. केलं होतं मी.

मला आधी आनंद झाला, मग भीती वाटली. कारण हे परीक्षकांना समजावायचं, तर सातव्या ओळीचीच घड्याळं का बिघडली हे सांगावं लागणार. म्हणजे पहाटे कुणीतरी लॅब उघडून लिनक्समध्ये वेळ लावली, हे सांगावं लागणार. आणि मी तर मॅडमना 'नाही' म्हणून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे टँकर आला. मला वाटलं होतं, वनिता येणार नाही. पण ती आली, रोजच्यासारखी, एक घागर डोक्यावर, एक कमरेला. मी पाइप धरला. दोघंही पाण्याकडे बघत होतो.

"काल तू सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"काय?"

"लॅबमध्ये लाइट होता म्हणून. तू पाहिला असशील."

"पाहिला ना."

"मग?"

तिनं भरलेली घागर बाजूला ओढली, दुसरी पाइपाखाली ठेवली. "तुम्ही बी नाय सांगितलं, सर," ती म्हणाली.

रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. जसं होतं तसं सांगितलं. पुढचं काही बोलायच्या आत मागची बाई घागर घेऊन पुढं सरकली आणि वनिता निघून गेली. या वेळी मी तिला फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहिलो, आणि तसं बघितल्याचीही मला लाज वाटली.

साडेनऊला मॅडमच्या खोलीत गेलो. परीक्षक तिथंच चहा घेत होते. बसा म्हणायच्या आत बोलून टाकलं. लॅब पहाटे उघडली होती. घड्याळं मी लावली. लॅब वीस मिनिटं उघडी टाकून टँकरवर गेलो. पाणी मागच्या वस्तीला देतो. वनिता तेव्हा पाणी भरायला आली होती. काल मी खोटं बोललो. सगळं एका दमात, कारण मधे थांबलो असतो तर उरलेलं राहून गेलं असतं.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. परीक्षक म्हणाले, "चला, दाखवा."

लॅबमध्ये गेलो. सत्तावीस नंबरवर मी आदल्या दिवशी इतकी उलथापालथ केली होती की त्याचा काही उपयोग नव्हता. पण पंचवीस नंबरला मी हात लावला नव्हता. ते विंडोजमध्ये सुरू केलं. भिंतीवर दहाला दहा कमी, मशीनमध्ये पहाटेचे चार वाजून वीस मिनिटं. मग पहिल्या ओळीतलं एक मशीन सुरू केलं, तिथं वेळ बरोबर. त्यावर लिनक्समध्ये जाऊन वेळ लावली, परत विंडोजमध्ये आलो, साडेपाच तास मागं. परीक्षकांनी स्वतःच्या हातानं पुन्हा एकदा करून पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "हे मला माहीत असायला हवं होतं." क्षणभर थांबून पुढं म्हणाले, "पण काकडे, यावरून एवढंच ठरतं की घड्याळ चुकलं होतं. तुम्हीच सांगताय की लॅब उघडी होती आणि मुलगी आवारात होती. काल निदान लॅब बंद होती. आज तर ती आत जाऊ शकली असती असं तुम्हीच म्हणताय."

मी गार पडलो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं बोलून मी तिला सोडवायला निघालो होतो आणि आणखी अडकवून ठेवलं होतं. खोटं बोललो तेव्हाही तिचंच नुकसान, खरं बोललो तरी तिचंच. मी मॅडमकडे पाहिलं, त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

दारातून आवाज आला, "सर, दुसरा प्रश्न द्या."

वनिता दारात उभी होती. तिला मॅडमनी दहाला बोलावलं होतं.

परीक्षकांनी तिच्याकडे बघितलं, मग चिठ्ठ्यांचा डबा मागवला. तिनं चिठ्ठी उचलली. त्यांनी ती वाचली, परत डब्यात टाकली आणि म्हणाले, "यातला नको. मी सांगतो तो." स्वतःच्या मनानं एक प्रश्न तयार करून त्यांनी कागदावर लिहिला. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

तो अर्धा तास मला फार लांब गेला. ती आधी पाच मिनिटं नुसती कागदावर रेघा मारत बसली. मग टाइप करायला लागली, दोन बोटांनी, पण न थांबता. पहिल्यांदा चालवला तेव्हा पडद्यावर लाल अक्षरांत चुका आल्या. मी डोळे मिटून घेतले. परीक्षक म्हणाले, "का आल्या?"

"इथं मोजणी एकपासून धरली, सर. शून्यापासून धरायला पायजे."

तिनं दुरुस्त केलं. पुन्हा एक चूक. तीही काढली. तिसऱ्यांदा चालला. परीक्षकांनी तिला पुन्हा दोन प्रश्न विचारले, या वेळी मराठीतून, आणि तिनं उत्तरं दिली, तीही मराठीतून, मधे मधे 'व्हय सर' म्हणत.

ते उठले. आदल्या दिवशीचा अहवाल त्यांच्या फाइलमध्ये होता. तो त्यांनी फाडला आणि तुकडे खिशात घातले. तिला म्हणाले, "कालचा पेपर मी काल परीक्षेतच लिहिलेला म्हणून तपासतो." माफी मागितली नाही. पण जाताना दारात थांबून मला म्हणाले, "बाकीच्या मशीनची वेळ आधी नीट करून घ्या, मगच पोरं आत सोडा." लिनक्समध्ये एक ओळ बदलली की तेही आपल्या गावची वेळ मानायला लागतं, हे मला पुढच्या आठवड्यात एका पुस्तकात सापडलं. एक ओळ! चाळीस मशीनवर ती बदलायला दुपार पुरली.

मला लेखी ताकीद मिळाली. ती रास्त होती. मागच्या फाटकाची किल्ली माझ्याकडून हमीदचाचांकडे गेली. चाचा फौजी माणूस, हुकूम म्हणजे हुकूम. दुसऱ्या दिवसापासून फाटक उघडलं नाही. पहिले दोन दिवस बाया येऊन उभ्या राहिल्या, तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत. मॅडमकडे एकदा शब्द टाकून पाहिला. त्या म्हणाल्या, "काकडे, वसतिगृहातल्या मुली आंघोळीला एक बादली वापरतात. मी त्यांना काय सांगू?" त्याही चूक नव्हत्या.

निकाल लागला. वनिता चांगल्या गुणांनी पास झाली. दाखला न्यायला आली तेव्हा लॅबमध्ये डोकावली. मी तिला बसवलं, चहा मागवला. माझ्या मनात बरेच दिवस एक गोष्ट घोळत होती, ती मी बोलून दाखवली. म्हटलं, "त्या दिवशी तू माझं नाव घेतलं असतंस तर माझी नोकरी गेली असती. तू गप्प राहिलीस. मी विसरणार नाही."

ती गोंधळली. "तुमच्यासाठी नाय, सर," ती म्हणाली. "लाइटाचं सांगितलं असतं तर मी तिथं काय करत होते ते बी निघालं असतं. मग पाणी बंद. मावशी म्हणली, एक दिवस कळ काढ, अकरा घरं हायेत."

"म्हणजे वर्ष गेलं असतं तरी बोलली नसतीस?"

"तसं नाय. परीक्षक जायच्या आधी सांगणारच होते. मावशी अन् मी ठरवलं होतं. त्या दिवशी सकाळी माझ्यामागून मावशीनं फक्त जास्तीच्या घागरी भरून घेतल्या. शेजारच्यांच्या बी भांड्यात ओतून ठेवलं. अन् दहाला आले तर तुम्ही आधीच बोलून बसलेले."

पहाटे पाइपाखाली दुसरी घागर सरकवताना तिचं ठरलेलं होतं, आणि मी तिथं उभा राहून तिच्या गप्प बसण्याचा वेगळाच अर्थ लावत होतो.

"मग पाण्याचं काय केलं?" मी विचारलं.

"पलीकडच्या सोसायटीच्या बोरवरून आणतो. लई लांब हाय, पण ते हाकलत नायत." तिनं चहाचा कप खाली ठेवला. जरा विचार करून म्हणाली, "सर, तुम्ही पहिल्याच दिवशी बोलला असता ना, तर पाणी एकच दिवस आधी गेलं असतं. अन् मला ती रात्र काढावी लागली नसती."

मग तिनं दाखल्याचा फॉर्म पुढं केला. एका चौकोनात लॅबचं काही देणं बाकी नाही असं लिहून सही करायची असते. मी पेन उघडलं, आणि ते लिहायला मला बराच वेळ लागला.